माणूस आणि ऑक्टोपस : एका नकाशाचे वाचन

रशिया-तुर्कस्तान युद्धाच्या वर्षी, १८७७ मध्ये, फ्रेडरिक रोझ यांचा युरोपचा विनोदी युद्ध-नकाशा लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक देश माणसांच्या रूपात आहेत. रशिया मात्र ऑक्टोपस आहे. त्याचे बाहू तुर्कस्तान, इराण, पोलंडपर्यंत पोचतात. रशियाचा विस्तारवाद खोटा नव्हता. परंतु त्याच वर्षी व्हिक्टोरिया राणीला दिल्ली दरबारात हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करणाऱ्या इंग्लंडला या नकाशात मानवी रूप लाभले आहे. रेखाटन कुशल आहे. दोष दृष्टीत आहे. माणसाशी वाटाघाटी होऊ शकतात, पशूचा फक्त बंदोबस्त करायचा असतो. म्हणून असा नकाशा शिकवताना सीमारेषांआधी विद्यार्थ्यांना विचारावे : चित्रकाराने माणूसपण कोणाला दिले आणि कोणाला नाकारले?