नाव ठेवणं, नावं ठेवणं

बाळ अजून पोटात आहे. सातवा सरला आणि घरात नावावरून वादावादी सुरू झाली. आजी म्हणते, भीमाच्या नावाचं ठेवा. काका म्हणतो, पाली पाहिजे. बाप म्हणतो, 'मॉडर्न' काहीतरी बघू, शाळेत पोराला कुणी हसायला नको. हे आपल्या घराघरातलं आहे, आणि चळवळीतल्या पोरांच्या घरीही याहून वेगळं काही चालत नाही. कुणी विचारेल, हा काय समीक्षेचा विषय झाला? झाला. कवितेतल्या एका शब्दावरून रात्ररात्र भांडणारे आपण, पोराला जन्मभर चिकटणारा शब्द मात्र मोबाईलवरच्या यादीतून उचलतो.

मनूने ही गोष्ट आपल्याइतकी हलकी धरली नव्हती. ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं ऐकताच किळस यावी असं, ही वाटणी त्याने लिहून ठेवली. म्हंजे पायरी पाळण्यातच ठरली. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला हा ग्रंथ जाळला गेला, त्यात हे कलमही जळालं.

आपली भाषणं इथेच थांबतात. मनूने आमच्या बापजाद्यांना दगडू, धोंडू, कचरू, उकिर्डा केलं म्हणायचं आणि टाळ्या घ्यायच्या. हे अर्धंच खरं आहे. मूल जगत नसलं की त्याला दगड-धोंडा म्हणायचं, म्हंजे मरणाची नजर त्याच्याकडे जाणार नाही, ही चाल वरच्या जातींतही होती. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो केशवच होतं की. फरक पुढे पडतो. बामणाघरचा धोंडो मोठा झाला की धोंडोपंत होतो. आपला धोंडू साठीचा म्हातारा झाला तरी पाटलाचं दहा वर्षांचं पोरगं त्याला 'ए धोंड्या' म्हणायचं. नाव तेच, शेपूट वेगळं. नाव आईने ठेवलं होतं, शेपूट गावाने लावलं.

म्हणून दगडू, कचरू या नावांना आपण हसू नये. त्यांच्यामागे पोर जगावं म्हणून धडपडणारी बाई उभी आहे. पोरं का जगत नव्हती ते बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मधल्या उपाशी बाळंतिणींना विचारा. दया पवारांनी हे जाणलं होतं. 'बलुतं' (१९७८) मध्ये दया पवार आणि दगडू मारुती पवार समोरासमोर येतात. लेखक झालेल्या माणसाने जुनं नाव गाडून टाकलं नाही, त्यालाच बोलतं केलं. एका माणसाच्या दोन नावांमधली भेग हाच त्या पुस्तकाचा आवाज आहे.

५६ नंतर नावं पालटली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, नागसेन, सुजाता, संघमित्रा, यशोधरा. एका पिढीने शाळेचा हजेरीपट बदलून टाकला. हे काम कुठल्याही कवितासंग्रहापेक्षा लहान नाही, पण आपल्या समीक्षेत त्याची नोंद सापडत नाही. आणि आज? आज घरात आरव, विहान, आर्यन येतात. आर्यन! आपल्या वस्तीत! वर राशीचं अक्षर हवं. पूर्वी ते भटजी सांगायचा, आता ॲप सांगतं. बामणाच्या हातून विधी करवून घेणार नाही ही २२ प्रतिज्ञांतली एक प्रतिज्ञा आपल्याला पाठ असते. पण मोबाईलच्या आतलं पंचांग कुणाचं आहे, हे कुणी बघत नाही. एका विद्यापीठाच्या नावासाठी २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत लढलेली ही माणसं. पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांचे त्यात जीव गेले. तिथे नावात काय आहे असं कुणी म्हणालं नाही.

बापाची भीती खोटी नाही, हेही सांगितलं पाहिजे. भाड्याची खोली मागताना, नोकरीच्या मुलाखतीत नाव आधी आत जातं आणि माणूस मागून. बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) ला साठ वर्षं होऊन गेली तरी चोरीचा मोह संपलेला नाही. पण ती चोरी पचत नाही. राहुल, सिद्धार्थ, मिलिंद ही नावं आता सवर्णांच्या घरीही सर्रास आहेत, म्हणून नाव सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, "पूर्ण नाव काय?" तेवढ्याने भागलं नाही तर, "मूळ गाव कुठलं?" आर्यनलाही हेच विचारतात.

आता आपल्याच नावांच्या पुस्तिका. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर पुस्तकांच्या शेजारी त्या विकायला असतात. मी ज्या चाळल्या त्यांत मुलग्यांना राजे आणि पंडित दिलेत, मुलींना करुणा, क्षमा, शांती, मैत्री, शीला. चांगले गुण आहेत, पण सगळं सोसणं मुलीच्याच वाट्याला का? बुद्धाच्या संघात काय गप्प बसलेल्याच बाया होत्या? थेरीगाथेत पुण्णिका आहे. दासीची पोर, थंडीत नदीवर पाणी भरणारी. अंघोळीने पाप धुतलं जातं म्हणणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते, मग बेडूक-कासवं आधी स्वर्गात जातील की नाही? ब्राह्मण निरुत्तर होतो. पाण्याच्या काठावर ब्राह्मणाशी वाद घालून जिंकलेली दासी, आणि चवदार तळ्याच्या लेकरांना तिचं नाव ठाऊक नसावं! मुलगा झाला तर सुनीत आहे. सफाई करणारा सुनीत, ज्याला बुद्धाने संघात घेतलं. 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी त्याची गोष्ट सांगितली आहे. पुस्तिका करणाऱ्यांनी तेवढी पानं उलटली असती तरी पुष्कळ झालं असतं.

बाबासाहेबांचं नाव ठेवणं बघा. तेव्हाच्या औरंगाबादेतल्या महाविद्यालयाला त्यांनी नाव दिलं मिलिंद. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा, उत्तरं देणारा भिक्षू नागसेन. नागसेन परिसराला मिळाला, नागसेनवन. कॉलेजच्या दारावर प्रश्न विचारणारा. गंमत अशी की 'मिलिंदपञ्ह'मधला पहिलाच वाद नावावर आहे. नागसेन म्हणतो, नागसेन ही नुसती हाक आहे, तिच्या आत कुणी 'नागसेन' सापडणार नाही. रथाचं चाक रथ नव्हे, आस रथ नव्हे, तसंच. तरी माणसं त्याला नागसेनच म्हणतात. नाव म्हणजे चालत्या व्यवहारातली हाक, हे भिक्षूने सांगितलं. ती हाक कुठल्या शेपटाने मारली जाते, हे आपल्याला गावाने शिकवलं. बारशाच्या आधी दोन्ही ध्यानात असावं.

आणखी एक. पुष्कळ घरांत मुलग्याचं नाव तयार असतं आणि मुलीचं 'झाल्यावर बघू' असतं. ते 'बघू' पुढे काय होतं ते २०११ साली सातारा जिल्ह्यात दिसलं. नकोशी, नकुसा अशा नावांच्या दोनशेहून जास्त मुलींना समारंभ करून नवी नावं द्यावी लागली. इथे मनू बाहेरून आला नव्हता.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं ठरलं आहे. शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' १९८४ चं. बापाचं नाव काय, या प्रश्नाने ते पुस्तक भाजून निघालंय. पोराच्या नावाच्या ओळीतच आईचं नाव यायला त्यानंतर चाळीस वर्षं गेली. ओळीत नाव आलं, पण नाव ठरवायच्या बैठकीत आजी आहे, काका आहे, बाप आहे, शाखेचा अध्यक्षसुद्धा आहे. नऊ महिने पोटात घेऊन हिंडणारी बाई आत चहा करते आहे.