कलम १४७ : निकाल माणसाचा, जागेचा नाही

रूळ ओलांडताना पकडलेल्या माणसाची केस कोर्टात किती वेळ चालते? कल्याणच्या रेल्वे कोर्टासारख्या ठिकाणी याचं उत्तर बहुतेक वेळा मिनिटांतच द्यावं लागतं. आरपीएफ पकडतं, रेल्वे कायद्याचं कलम १४७ लावतं, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतं. गुन्हा कबूल आहे का? आहे. दंड भरा, पावती घ्या, निघा. वकील कोणी लावत नाही, कारण वकिलाची फी दंडापेक्षा जास्त आणि पुढची तारीख म्हणजे आणखी एक खाडा.

‘केसेस पटापट निकाली निघतात’ म्हणून या पद्धतीचं कौतुक होतं. माझा आक्षेप नेमका या ‘निकाली’ शब्दाला आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम १४७ खाली शिक्षा लिहिली आहे ती ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खास कारण निकालपत्रात नोंदवलं नाही, तर किमान ५०० रुपये दंड. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरलात एवढं पुरे, हेतू काय होता हे विचारायची गरज नाही.

साध्या अतिक्रमणाच्या गुन्ह्यात तसं नसतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये (जुनं ४४१ आणि ४४७) दुसऱ्याच्या जागेत शिरताना गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं. शिवाय ज्याच्या ताब्यात जागा आहे तो तडजोड करू शकतो. म्हणून गावठाणातल्या कुंपणाच्या भांडणात केस वर्षानुवर्षं लटकते आणि पुष्कळदा शेवटी दोन्ही पक्ष आपसात मिटवतात. पण त्या ओघात जागेची चर्चा होते : वाट कोणाची, वहिवाट कधीपासूनची, दार कुठे होतं. रेल्वेच्या केसमध्ये ही चर्चा होतच नाही.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग. अशा छोट्या केसेस समरी ट्रायलने चालवता येतात. त्यात मॅजिस्ट्रेटने काय नोंदवायचं याची यादी कायद्यातच दिलेली आहे (आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २६३, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २८६). केसचा क्रमांक, गुन्ह्याची तारीख, तक्रारीची तारीख, तक्रारदाराचं नाव, आरोपीचं नाव, त्याच्या पालकांचं नाव आणि पत्ता, गुन्हा कोणता, आरोपीचं म्हणणं, निष्कर्ष, शिक्षा, काम संपल्याची तारीख. ही यादी पुन्हा एकदा वाचा. गुन्हा कुठे घडला याचा रकानाच नाही.

आरपीएफच्या कागदात ठिकाण असतं, ते मान्य. पण कोर्टाच्या या नोंदीत ते असायलाच हवं असं कायदा म्हणत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे वाचून कसंतरीच होतं. सॅम्पल कोणी आणलं, कधी आणलं, सगळं लिहिलंय आणि सॅम्पल कुठून घेतलं तेच नाही! माणूस कळवा आणि मुंब्र्याच्या मध्ये पकडला की डोंबिवलीत, ही माहिती निकालाच्या दृष्टीने फालतू ठरते.

दंडामागचा विचार काय? गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलेलं मॉडेल असं : माणूस गुन्ह्याचा फायदा एका पारड्यात टाकतो आणि पकडलं जाण्याची शक्यता व शिक्षा दुसऱ्या पारड्यात. इथे ते पारडं आधीच जीव जाण्याच्या शक्यतेने भरलेलं आहे. जो माणूस त्या धोक्याला बधत नाही, तो ५०० रुपयांना बधेल?

की त्याला धोका नीट दिसतच नाही? हर्शेल लायबोवित्झ या मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये असं मांडलं, की मोठी वस्तू तेवढ्याच वेगाने येणाऱ्या लहान वस्तूपेक्षा संथ भासते. आगगाडी तर भलीमोठी. म्हणजे ‘अजून लांब आहे, जाऊ पटकन’ हा अंदाज बेफिकिरीतूनच येतो असं नाही, डोळाही फसवतो. वडाळ्याला २०१० च्या सुमारास फायनलमाइल या संस्थेने याच धाग्यावर प्रयोग केला. वेगाचा अंदाज यावा म्हणून रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले, भोंग्याची पद्धत बदलली, घाबरलेल्या चेहऱ्याचे फलक लावले. एका स्टेशनवरून सगळ्या मार्गाचा निष्कर्ष काढू नये, पण त्यांनी सुरुवात जागेपासून केली.

अनिल काकोडकर समितीनेही तेच केलं होतं. २०१२ च्या अहवालात त्यांनी देशभरात अशा प्रकारे वर्षाला सुमारे १५,००० माणसं मरतात असं नोंदवलं, त्यातली सुमारे ६,००० एकट्या मुंबई उपनगरी मार्गावर. आणि कारणं कोणती दिली? अपुरी कुंपणं, अपुरे पादचारी पूल. मुंबई हायकोर्टासमोर आलेल्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये उपनगरी मार्गावर २,५९० मृत्यू झाले, रोज सरासरी ७. त्यात रूळ ओलांडणारे आहेत तसे लोकलमधून पडलेलेही.

हा फरक घरच्यांसाठी फार महागाचा असतो. गाडीतून अपघाताने पडलेल्या प्रवाशासाठी कलम १२४अ खाली भरपाई आहे, पण ‘स्वतःच्या गुन्हेगारी कृत्यामुळे’ मृत्यू असेल तर नाही. मग ‘पडला’ की ‘रूळ ओलांडत होता’ यावर दावा अडतो. कोर्टात ५०० रुपयांत सुटणारा शब्द इथे एका कुटुंबाची भरपाई घालवू शकतो.

रेल्वेची बाजू खोटी नाही. लोकल जागच्या जागी थांबत नाही, मोटरमनच्या डोळ्यांदेखत माणूस जातो, आणि रूळ म्हणजे रस्ता नव्हे. माजिवडा नाक्यावर उड्डाणपुलाखालून जीव मुठीत धरून पलीकडे जाणाऱ्याला मात्र कोणी घुसखोर म्हणत नाही. तिथे आपण लगेच विचारतो, सिग्नल कुठाय, पूल कुठाय? रुळांच्या बाबतीत हा प्रश्न दंडाच्या पावतीखाली दबतो.

दंड रद्द करा असं मी म्हणत नाही. मागणी एका रकान्याची आहे. प्रत्येक निकालात किलोमीटरच्या खांबाचा नंबर लिहा आणि वर्षाअखेरीस ती यादी, माणसांची नावं वगळून, जाहीर करा. ज्या खांबापाशी शंभर जण पकडले गेले, तिथे शंभर बेशिस्त माणसं असतील किंवा एक पूल कमी असेल. दोन्हीतलं खरं काय, हे आजच्या नोंदीवरून कोर्टालाही सांगता येणार नाही.