चाळ बांधलेले पाय

औंधच्या यमाईच्या डोंगरावर, चढ निम्मा होतो तिथे, श्रीभवानी वस्तुसंग्रहालय आहे. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते १९३८ साली उभं केलं. रविवर्म्यांच्या ‘सैरंध्री’समोर सगळेच थांबतात, मीही थांबतो. कीचकाकडे धाडलेली बाई. पाऊल उचलायचं आहे आणि उचलवत नाही. आपल्या वास्तववादी चित्रकलेचा सगळा जीव या न उचललेल्या पावलात अडकलाय असं मला तिथे दरवेळी वाटतं. थांबलेलं माणूस आपण फार सुरेख रंगवलं. नाचणारं राहूनच गेलं.

आणि राहावं कुठे, तर सातारा-सांगलीत! औंधच्या खटाव तालुक्यापासून माण, आटपाडी, जतपर्यंतचा टापू धनगरांच्या गजी नाचाचा. ढोल घुमतो, रिंगण फिरतं, हातातले रुमाल उडतात. वाळव्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे तमाशाचंही हे माहेर. सांगलीत १८४३मध्ये ‘सीतास्वयंवर’ करणाऱ्या विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत तर सरस्वती मोर घेऊन नाचतच रंगभूमीवर यायची. विषयाची वाण नव्हती.

तैलरंग आपल्याकडे युरोपातून आले, आणि त्यांच्याबरोबर तिथली शिस्तही आली: मॉडेल समोर बसवायचं आणि शरीर रंगवायचं. नाचणारं शरीर बसत नाही, हीच अडचण. एकोणिसाव्या शतकात खुद्द युरोपातले भलेभले इथे अडखळले. जेरोमने १८६३मध्ये इजिप्तची अल्मे नर्तकी रंगवली. कापडाची चुणी न् चुणी खरी, बाई मात्र मेणाची. ती पुढचा ठेका घेईल अशी आशाच वाटत नाही. सार्जंटने १८८२च्या ‘एल हालेओ’त स्पॅनिश नर्तकीला मागे एवढं कलवलं, की पाऊल पडलं नाही तर ती कोसळेल. तोल जाण्याची ही भीती कॅनव्हासवर आली की नाच आलाच.

फ्रेंच चित्रकार देगाने मात्र आडवाट धरली. नर्तकींची त्याची चित्रं, रेखाटनं, शिल्पं मिळून दीड हजाराच्या घरात जातात, आणि त्यांतल्या कितीतरी जणी नाचतच नाहीत. बुटाची फीत बांधतात, जांभई देतात, पाठ खाजवतात. थकवा असा रंगवलाय, की मागे झालेला नाच आपोआप दिसतो. छायाचित्रकार मायब्रिजने १८७८मध्ये धावत्या घोड्याचे ओळीने फोटो काढले, तेही देगाने पुढे बारकाईने अभ्यासले.

हालचालीचे असे तुकडे पाडणारी नजर औंधातही होती, ही खरी गंमत. बाळासाहेबांनी सूर्यनमस्काराच्या दहा स्थिती आखून दिल्या. त्यावरचं एक इंग्रजी पुस्तक संग्रहालयाच्याच सालचं. स्वतः चित्रकार, कीर्तनाला उभा राहणारा, व्यायामाचं वेड घेतलेला राजा! पण त्यांचं ‘चित्ररामायण’ उघडावं, तर शरीरं पुन्हा पदासाठी थांबलेल्या नटांसारखी उभी. व्यायामशाळेतली पाठ चित्रशाळेत पोचलीच नाही.

पुढे लावणी चित्रांत आली ती दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर आणि कॅलेंडरांवर. दीनानाथ दलालांच्या रेषेला लय होती, हे कबूल. बाकीच्यांनी नथ, मान, कमर आणि तिरका डोळा एवढंच उचललं. ज्या नाचाचा अर्धा प्राण चाळांत, त्याच्या चित्रात पाय शोधावे लागतात! आता व्हिडिओ मध्येच थांबवून त्यावरून चित्र काढायची सोय झाली आहे. त्यात पाय स्पष्ट येतात, पण त्यांत भार नसतो. कॅमेऱ्याने पकडलेला पाय हवेत लटकतो. मला तर ही चित्रं जेरोमच्याच कुळातली वाटतात, फक्त मेहनत कमी.

देगाचे पाय उसने आणूनही भागायचं नाही. बॅले जमिनीपासून सुटायला धडपडतो, बोटांच्या टोकावर चढतो. गजीत गुडघा वाकतो, टाच मातीत उतरते, धूळ उडते. लावणीतही ठेका खालीच जातो, फळ्यांत. हा भार रंगवायला वेगळं शरीरशास्त्र लागेल, आणि ते रिंगणाशेजारी उकिडवं बसून, हात चालवतच शिकावं लागेल.

देगाची एक खोड मात्र जरूर घ्यावी: पडद्यामागे जाऊन बसण्याची. पॅरिसच्या ऑपेरात नर्तकींभोवती घुटमळणारे उंच टोपीवाले शौकीन त्याने चित्राच्या कडेला उभे केले. आपल्याकडे दौलतजादा करणारे आहेतच. कनातीच्या आड, राहुटीत, पहाटे ट्रंकेवर बसलेली बाई. एक पाय मांडीवर घेतलेला. चाळाची गाठ घट्ट बसलीय, ती दातांनी सोडवायला ती वाकते, आणि पाठीचा कणा पातळातून मणी मणी दिसतो.