राज्यगीत आणि खुंटीवरची हलगी

१ मे रोजी आमच्या महाविद्यालयात राज्यगीत वाजते आणि आम्ही सारे सावधान उभे राहतो. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, शाहीर साबळे यांचा आवाज. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ अनेक दशके लोकांच्या ओठी होतेच. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते राज्यगीत झाले. मूळच्या तीनपैकी दोन कडवी शासनाने स्वीकारली. ते ऐकताना माझ्याही अंगावर काटा येतो, हे प्रथम कबूल करतो. म्हणूनच त्याची चिकित्सा मला आवश्यक वाटते.

मूळ गीताच्या पहिल्या कडव्यात महाराष्ट्राच्या नद्यांचे पाणी मातीच्या घागरींत एक होते. प्रतिमा सुंदर आहे. परंतु आपल्याकडे घागर कधीच निव्वळ घागर नव्हती. ती कोणाची, हे पाहूनच पाणवठा ठरत असे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांसह आमची माणसे प्याली आणि त्याच दिवशी त्यांनी मारही खाल्ला. कवीने जे ऐक्य गृहीत धरले, त्याची किंमत आम्ही मोजली आहे. शेवटच्या कडव्यात दारिद्र्य आणि घामही येतो, हे मान्य. पण त्या घामाचे रूपांतर लगेच अभिमानात होते. घाम गाळणाऱ्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न तिथे उरत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने दुसरेही गाणे दिले: अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड. पोटासाठी मुंबईत आलेला माणूस गावी राहिलेल्या मैनेसाठी तळमळतो आणि त्या विरहातूनच महाराष्ट्राच्या तुटलेल्या मुलखाचे दुःख उभे राहते. एका गीतात महाराष्ट्र ललकारतो, दुसऱ्यात झुरतो. समारंभाला ललकारी सोयीची असते. झुरणारा माणूस हिशेब मागतो.

माझे वडील हलगी वाजवत. जत्रेत, लग्नात, पालखीपुढे. पालखी देवळात जाई, वडील पायरीखाली थांबत. मी महाविद्यालयात गेलो त्या वर्षी त्यांनी हलगी खुंटीला टांगली. “कुणी बोलवाय आलं तर सांग, हात दुखतुया,” एवढेच म्हणाले. त्यांचे बरोबर होते. ज्या वाजवण्याला नकार देण्याची मुभा नाही, ती कला नव्हे, वेठ आहे. पण वेठीबरोबर त्यांच्या हातातला तालही गेला. तो मी शिकलो नाही, कोणी लिहूनही ठेवला नाही. प्रदेशाची सांगीतिक ओळख म्हणून जिचा गौरव होतो, ती ज्यांच्या हातांनी घडवली त्यांनाच ती टाकून माणूसपण मिळवावे लागले, हा खरा पेच आहे.

राज्यगीतात हलगी घाला, अशी मागणी मी करणार नाही. ती सजावट होईल. माझी मागणी शिक्षकांकडे आहे, म्हणजे स्वतःकडेही. अण्णा भाऊ आणि वामनदादा कर्डक यांची गाणी जयंतीपुरती न ठेवता वर्गात कविता म्हणून शिकवावीत. वादकाला मिरवणुकीपुढे नाचवण्याऐवजी मानधन देऊन, खुर्ची देऊन, त्याचे ज्ञान विद्यार्थ्यांनी त्याच्याकडून टिपून घ्यावे.

पुढच्या १ मे रोजी मी सावधान उभा राहीनच. त्याआधी वडिलांना वर्गात येण्याची विनंती केलेली असेल. ते कदाचित नाही म्हणतील. आमच्या घरात ‘नाही’ म्हणण्याचा अधिकारही फार जुना नाही. तो अधिकार मला विद्यार्थ्यांना समजावून सांगावा लागेल.