दहा हजार रुग्णांची गोष्ट

लेटरकेनीला डिसेंबर महिन्यात दुपारी चार वाजताच दिवे लावावे लागतात. स्विली नदीकडून पाऊस आडवा येतो, आणि शाळेतून आलेला नातू एकदा आपल्या खोलीत शिरला की जेवणाची हाक ऐकूनच बाहेर पडतो. गेल्या हिवाळ्यात एके दिवशी तो हाक न मारताच बाहेर आला आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत विचारू लागला, “आजी, तू नर्स होतीस ना? मग सांग, माणूस दोन वर्षं बेडवर झोपला, तर उठून चालू शकतो?”

आम्ही म्हणालो, “मुळीच नाही.”

“पण हा चालला!” असे म्हणून त्याने हातातली पाटी आमच्यापुढे धरली. पडद्यावर एक हडकुळा, केस वाढलेला मुलगा सलाईनच्या दांडीला धरून इस्पितळाच्या व्हरांड्यातून पाय ओढीत चालला होता. हे काय प्रकरण आहे हे जाणून घेतल्याशिवाय आम्हांला चैन पडेना. त्यातूनच ‘स्वॉर्ड आर्ट ऑनलाइन’ या जपानी चित्रमालिकेचे पंचवीसच्या पंचवीस भाग आमच्याकडून पाहून झाले. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी नातवंडे अशा मालिका पाहत असतील. त्या काय असतात आणि त्यांत चांगले-वाईट काय, हे आजी-आजोबांच्या दृष्टीने सांगावे म्हणून हा लेखप्रपंच.

जपानी चित्रमालिका आपल्याला अगदीच परक्या आहेत असेही नाही. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागत असे आणि ठाण्याला आमची मुले आंघोळी टाकून ती पाहत बसत. तो मोगली मुळात जपानमध्ये चितारला गेला होता, हे आम्हांला फार उशिरा कळले. प्रस्तुत मालिका मात्र लहान मुलांची नव्हे. रेकी कावाहारा या लेखकाच्या कादंबऱ्यांवर ती बेतलेली आहे. पहिली कादंबरी २००९ साली पुस्तकरूपाने निघाली आणि २०१२ साली तोमोहिको इतो यांच्या दिग्दर्शनाखाली तिची मालिका झाली.

कथानक थोडक्यात असे. कायाबा नावाचा एक बुद्धिमान शास्त्रज्ञ डोक्यावर घालायचे एक शिरस्त्राण तयार करतो. ते घातले की डोळे, कान, त्वचा ही सारी बाहेरच्या जगापासून तुटतात आणि मनुष्य एका खेळातल्या जगात वावरू लागतो. तिथे शंभर मजल्यांचा, आकाशात तरंगणारा एक किल्ला आहे. ६ नोव्हेंबर २०२२ रोजी दहा हजार लोक त्यात शिरतात आणि पाहतात तो परतीचा दरवाजा नाहीसा झालेला! कायाबा त्यांना सांगतो, की शंभरावा मजला जिंकाल तेव्हाच सुटाल. खेळात जो मरेल किंवा ज्याचे शिरस्त्राण बाहेरून कोणी काढू पाहील, त्याचा मेंदू ते यंत्र जाळून टाकील. किरितो नावाचा चौदा वर्षांचा एकलकोंडा मुलगा आणि असुना नावाची हुशार, तडफदार मुलगी हे या कथेचे नायक-नायिका. दोन वर्षांनी सुटका होते तोवर सुमारे चार हजार माणसे मेलेली असतात.

ती २०२२ सालातली तारीख आता मागे पडली. त्या दिवशी पामर लकी या अमेरिकन तंत्रज्ञाने, ज्याने ऑक्युलस ही डोळ्यांवर बांधायच्या पडद्याची कंपनी काढली, त्याने खरोखरच स्फोटके बसवलेले एक शिरस्त्राण करून दाखवले. ते आपण वापरलेले नाही, कचेरीत ठेवायची शोभेची वस्तू आहे, असे त्याने सांगितले खरे. परंतु एका कथेचा एवढा परिणाम व्हावा, यावरून ती किती लोकांच्या मनात रुतली आहे हे दिसते.

आता गुणांकडे वळू. पहिला भाग आम्हांला फार आवडला. दहा हजार माणसे एका चौकात गोळा होतात आणि आपण घरी जाऊ शकत नाही हे त्यांना हळूहळू उमजते. कोणी ओरडतो, कोणी रडतो, कोणी खोटे म्हणून हसतो. वाईट बातमी ऐकणाऱ्या नातेवाइकांचे हे तिन्ही प्रकार आम्ही वॉर्डाबाहेरच्या बाकावर शेकडो वेळा पाहिले आहेत. युकी काजिउरा यांचे संगीतही प्रसंगाला धरून आहे.

पुढे तलवारबाजी पुष्कळ आहे. ती आमच्या नातवासाठी. आमचे लक्ष वेधले ते दुय्यम पात्रांनी. साशा नावाची एक बाई लढायला न जाता अगदी खालच्या मजल्यावर पोरक्या मुलांना गोळा करून सांभाळते. साची नावाची मुलगी मरणाला इतकी भिते, की तिला रात्री झोप येत नाही, आणि किरितो “तू मरणार नाहीस” असा धीर तिला देतो. तो धीर खोटा ठरतो. रुग्णाला खोटा धीर देऊ नये हे आम्हांला पहिल्या वर्षी शिकवले होते, आणि तो न देणे किती अवघड असते हे पुढची चाळीस वर्षे शिकवीत आली.

परंतु सर्वांत मनाला लागली ती युइ. जंगलात सापडलेली ही लहान मुलगी खरी मुलगी नाही. खेळणाऱ्यांच्या मनाची काळजी घेण्यासाठी केलेला तो एक यंत्रकार्यक्रम आहे. संकट आले त्याच दिवशी तिला हुकूम मिळतो, की तू कोणाशी बोलायचे नाहीस, फक्त पाहायचे. हजारो माणसांचे भय आणि निराशा ती नुसती पाहत राहते आणि पाहता पाहता आतून मोडते. वाचक हो, ज्या लेखकाला हे सुचले त्याने कधी तरी रात्रपाळीची परिचारिका जवळून पाहिली असावी. चाळीस रुग्ण आणि दोन हात, समोर दुःख दिसते आहे आणि थांबायला वेळ नाही, ही स्थिती माणसाला कशी पोखरते हे आम्ही जाणतो.

आणि इथेच आमची मुख्य तक्रार येते. एका यंत्रकार्यक्रमाच्या दुःखाची ज्यांनी एवढी दखल घेतली, त्यांना पलंगावरची माणसे मात्र दिसली नाहीत. खेळातले दहा हजार वीर म्हणजे बाहेरच्या जगात दहा हजार बेशुद्ध रुग्ण. मूळ कादंबरीत असा नियम आहे, की यंत्राची वीज दहा मिनिटे गेली किंवा तारेचा संबंध दोन तास तुटला तर रुग्ण मेलाच. म्हणजे या दहा हजारांना घरून उचलून, दोन तासांच्या आत इस्पितळात पोचवून, पुन्हा जोडून द्यायचे! ज्यांनी रुग्णवाहिका हाकल्या, ज्यांनी खाटा रिकाम्या केल्या, त्यांचे काय झाले? त्यांच्यावर एकही भाग नाही.

पुढचा हिशेब तर साधा आहे. बेशुद्ध रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला आणि टाचांना जखमा होतात. दिवसाला बारा वेळा म्हटले तर दोन वर्षांत एका रुग्णामागे ८,७०० हून अधिक वेळा. जिवंत राहिलेले सुमारे सहा हजार. म्हणजे पाच कोटींपेक्षा जास्त वेळा कोणी ना कोणी त्या अंगांखाली हात घातला. शिवाय नाकातल्या नळीतून अन्न, लघवीची पिशवी, तोंड पुसणे, नखे कापणे, सांधे आखडू नयेत म्हणून हातपाय हलवणे. किरितो जागा झाला आणि त्याच्या पाठीला जखम नव्हती, हा कोणाचा पराक्रम? त्याला आधी पलंगाच्या कडेला नुसते बसवले असते तरी घेरी आली असती. तो नळ्या उपटतो आणि चालू लागतो, आणि त्या साऱ्या व्हरांड्यात ड्यूटीवरची एक सिस्टर त्याला आडवी येत नाही! आपल्या समाजातील कितीतरी मुलींनी परिचारिकेचा व्यवसाय पत्करला. त्यांच्यापैकी कोणीही हे दृश्य पाहून हसेल आणि नंतर तिला थोडा रागही येईल.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. मालिकेच्या उत्तरार्धात असुना जागी होत नाही. पूर्वार्धात जी मोठ्या पथकाची उपनायिका होती, तिला एका सोनेरी पिंजऱ्यात कोंडले आहे, आणि सुगोऊ नावाचा नीच मनुष्य तिच्या निजलेल्या देहाशी लग्न लावू पाहतो. खोलीत येऊन तो तिच्या केसांशी चाळा करतो. खलनायक नीच असावा याला आमची हरकत नाही. पण पुढे तिची विटंबना ज्या रीतीने दाखवली आहे, त्यात प्रेक्षकाला संताप यावा यापेक्षा त्याने डोळे फाडून पाहावे असा हेतू दिसतो. बेशुद्ध रुग्णाला हात लावण्यापूर्वी त्याचे नाव घेऊन सांगावे, “बाई, आता पाठ पुसते हं,” आणि पडदा ओढावा, असा आमचा शिरस्ता. चित्रकारांनी तो पडदा ओढला नाही. चोविसावा भाग आम्ही नातवाला दाखवला नाही आणि का दाखवत नाही तेही त्याला सांगितले.

असो. एवढ्यावर लेख संपवला असता, तर मालिकेवर अन्याय झाला असता. २०१४ साली निघालेल्या दुसऱ्या पर्वात निर्मात्यांनी बरीच भरपाई केली आहे. त्यात आकी नावाची एक परिचारिका आहे. ती किरितोच्या छातीला तारा लावते आणि त्याचे ऐकूनही घेते. हातून माणसे मारली गेली या विचाराने तो खचला आहे. ज्यांना वाचवलेस त्यांचीही आठवण ठेवायचा तुला हक्क आहे, अशा अर्थाचे काही ती त्याला समजावते.

आणि त्या पर्वाच्या अखेरीस येते युउकी. खेळातली सर्वांत तरबेज तलवारबाज, हसरी, अवखळ. असुना तिला शोधीत इस्पितळात पोचते तेव्हा काचेपलीकडे एक क्षीण देह यंत्राला जोडलेला दिसतो. युउकीच्या आईला बाळंतपणात दूषित रक्त दिले गेले आणि सारे कुटुंब एड्सच्या तोंडी गेले. शाळेत ही गोष्ट फुटली तेव्हा लोकांनी त्यांना जगणे नकोसे केले. आता यंत्राच्या जगातच ती धावते, खेळते. असुना खांद्यावर एक छोटा कॅमेरा बसवून तिला शाळेत नेते, तिचे जुने घर दाखवते.

हा भाग पाहताना आम्ही चष्मा काढून ठेवला. १९८६ साली मद्रासला भारतातला पहिला एच.आय.व्ही. संसर्ग आढळला, आणि नव्वदीच्या दशकात मुंबईच्या वॉर्डांत हे रुग्ण दिसू लागले. आम्ही काम करीत होतो तिथे कोपऱ्यातल्या एका खोलीत विशीतला एक मुलगा होता. स्पर्शाने हा रोग होत नाही हे आम्हांला शिकवले होते, ते आम्हांला पाठही होते. तरी त्याचे ताट दाराशी ठेवून आम्ही मागे वळत असू. इथे ‘आम्ही’ म्हणजे साऱ्या परिचारिका नव्हेत, आम्ही स्वतः. त्या खोलीला खिडकी नव्हती. एकदा त्याने विचारले, “सिस्टर, बाहेर पाऊस पडतोय का?” आम्ही “हो” म्हणालो आणि निघून आलो. दोन मिनिटे बसून पाऊस कसा आहे ते सांगता आले असते. इतक्या वर्षांनी एका चित्रातल्या मुलीने कॅमेरा खांद्यावर घेऊन ते केले.

हे सारे कल्पनेतले आहे असे कोणी म्हणेल, म्हणून एक खरी हकीकत सांगतो. नॉर्वेमध्ये मॅट्स स्टीन नावाचा तरुण होता. स्नायू झिजत जाण्याच्या रोगाने तो खुर्चीला खिळलेला होता. तो ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात दिवस घालवी, आणि मुलगा एकटा पडला म्हणून आईवडील हळहळत. नोव्हेंबर २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी तो वारला. वडिलांनी ती बातमी कळवली तेव्हा देशोदेशींच्या लोकांची पत्रे येऊ लागली. खेळातल्या ‘इबेलिन’ने म्हणजे मॅट्सने त्यांना अडचणीत धीर दिला होता, त्यांचे ऐकून घेतले होते. त्यांपैकी काही जण त्याच्या अंत्यविधीला आले. २०२४ साली त्याच्यावर चित्रपटही निघाला. युउकीच्या मृत्यूचा भाग दाखवला गेला तो डिसेंबर २०१४ मध्ये, म्हणजे मॅट्स गेल्यानंतर जेमतेम महिन्याभराने.

आम्हीही नातवाला एकदा दरडावून विचारले, की खोलीत एकटा कोणाशी बडबडतोस? तेव्हा कळले की तो अश्दोदच्या आपल्या मावसभावाबरोबर खेळतो. लेटरकेनी आणि अश्दोदच्या घड्याळांत दोन तासांचे अंतर आहे, ते सांभाळून दोघे वेळ ठरवतात. आमचे आणि त्याच्या आजीचे, म्हणजे आमच्या बहिणीचे, महिन्यातून एकदा बोलणे होते. या दोघांचे रोज होते!

तेव्हा आमचा अभिप्राय असा. पहिल्या पर्वाचे चौदा भाग तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनी अवश्य पाहावेत. त्यापुढचे भाग वडीलधाऱ्यांनी आधी पाहून मग ठरवावे. दुसऱ्या पर्वातली युउकीची कथा घरातल्या सर्वांनी मिळून पाहावी. मुलांना खोलीत एकटे सोडू नये, शेजारी खुर्ची ओढून बसावे. प्रश्न विचारावेत, म्हणजे तीही विचारतात.

नातवाने परवा विचारले, “आजी, ती दोन तासांनी कूस बदलतात, ते कसं करतात?” आम्ही त्याला पलंगावर आडवे केले, आधी त्याचे नाव घेतले, आणि मग खांद्याखाली आणि कमरेखाली हात कसे घालायचे ते दाखवले. मग तो म्हणाला, आता तू झोप, मी करतो. त्याने आमची कूस बदलली. हात जरा वर घालायला हवे होते, पण पहिल्या खेपेला वाईट नव्हते.