पाय दिसले, नाव कुठे आहे?

मोर्चातल्या बाईचा फोटो आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेला आहे. मूठ वळलेली, तोंड उघडं, नाहीतर कडेवर मूल. जळगाव-धुळ्याच्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर तो असतो आणि खाली ओळ असते : मोर्चात सहभागी झालेल्या महिला. आज आपण त्या ओळीपासूनच सुरुवात करू.

मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईला पायी गेला, सुमारे १८० किलोमीटर. आदिवासी बायकांच्या सोललेल्या तळव्यांचे फोटो देशभर फिरले. त्या फोटोंनी काम केलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. मुंबईकर पाणी, खाणं, चपला घेऊन रस्त्यावर आले. पण बघा, चपला घेऊन आले! मागणी वनजमिनीच्या पट्ट्याची होती. सरकारने लेखी आश्वासनं दिली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लोकसंघर्ष मोर्चाचे लोक ठाण्याहून आझाद मैदानावर चालत गेले. त्यांत आपले जळगाव, धुळे, नंदुरबारचे आदिवासी होते. मागणी पुन्हा जमिनीचीच.

आता २००६ चा वनहक्क कायदा काय म्हणतो? पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर व्हायला हवा. म्हणजे जी बाई कागदावर आपलं नाव यावं म्हणून चालते, तिचा फोटो आपण निनावी छापतो. पुढाऱ्याचं मात्र वडिलांच्या नावासकट पाहिजे!

मणिबेली, डोमखेडी ही गावं १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होती. नर्मदेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या तिथल्या बायकांचे फोटो देखणे आहेत, आणि आमची अडचण तिथेच आहे. नदी, प्रकाश, भिजलेलं लुगडं. सोसणारी बाई दिसते. अधिकाऱ्याला उलट प्रश्न विचारणारी दिसायला बैठकीत तासन्‌तास बसावं लागतं. शहाद्याचंही तेच. १९७२ नंतर श्रमिक संघटनेच्या बायकांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. फुटणारं मडकं कॅमेऱ्याला आवडतं. मारकुट्या नवऱ्याला जाब कसा विचारायचा याची चर्चा कोण टिपणार? ती कंटाळवाणी. चळवळ मात्र त्या चर्चेत घडत असते.

दिल्लीत १९८० च्या दशकात हुंडाविरोधी आंदोलनं टिपणाऱ्या शीबा छाछी यांना स्वतःचेच फोटो अपुरे वाटू लागले. मग त्यांनी त्याच आंदोलनांतल्या बायकांबरोबर बसून फोटो घडवले. कुठे बसायचं, जवळ काय ठेवायचं, हे त्या बायकांनी ठरवलं. ‘सेव्हन लाइव्ह्ज अँड अ ड्रीम’ ही मालिका अशी झाली. कुणी म्हणेल, ही तर नाटकी मांडणी. असेल. पण मुठीच्या फोटोतही मांडणी असतेच की. ‘ताई, जरा हात वर करा’ हे कोणत्या मोर्चात ऐकू येत नाही?

नाव छापलं तर बाई अडचणीत येईल, हा आक्षेप खरा आहे. फोटोवरून माणूस ओळखता येतो, नावाने तर घरच सापडतं. म्हणून विचारायचं. आणि विचारायला भाषा लागते. मुंबईच्या फोटोग्राफरचं सोडा, आपल्या अहिराणीवाल्यांना तरी पावरी कुठे येते? ‘तुनं नाव काय शे, माय?’ एवढ्यावर सातपुड्यात भागत नाही. मोर्चातलीच एखादी पोरगी सोबत घ्यावी, थांबावं. नको म्हणाली तर फोटो छापू नये. जिल्हा पानाची वेळ टळली तर टळू द्यावी. आणि छापलाच, तर तो अंक तिच्या पाड्यावर पोचवावा. एसटी जाते तिथवर एसटीने, पुढे चालत.