रेन्वारची बोटे आणि आमच्या करंज्या

दिवाळीच्या फराळाचे ताट जवळ घेऊन आपण हा अंक चाळीत असाल, तर एक विनंती आहे. ताटातली एखादी करंजी उचला आणि तिच्या कडेची मुरड नीट पाहा. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत पारीची कड धरायची, किंचित दाबायची, आत वळवायची आणि पुढे सरकायचे; एका करंजीला असे पंधरावीस वेळा. सुगरण बाई हे बोलता बोलता करते. मीही करीत असे. एकोणीस वर्षांपूर्वी आमवाताने माझ्या बोटांत मुक्काम ठोकला आणि ही चिमूट माझ्या हातून गेली.

शाळेत मी तीस वर्षे चित्रकला शिकवली. त्यामुळे समाचाराला येणारी मंडळी फळांबरोबर हटकून एक नाव घेऊन येत : रेन्वार. "बाई, तो बघा, हाताला कुंचले बांधून चित्रे काढायचा! आणि चित्रे तरी कशी, आनंदाने भरलेली! तुम्हीही मन आनंदी ठेवा." ह्या उपदेशाचा मला पुढे पुढे इतका राग येऊ लागला, की रेन्वारच्या चित्रांचे पुस्तक मी कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेववून घेतले. तिथपर्यंत माझा हात पोचत नाही, हे सोयीचेच होते.

आज त्याच रेन्वारविषयी लिहायला बसले आहे, ते त्याच्या धैर्याची आरती ओवाळण्यासाठी नव्हे. त्याच्या अखेरच्या एका चित्राविषयी मला काही म्हणायचे आहे.

पिएर-ओग्युस्त रेन्वार १८४१ साली फ्रान्समधल्या लिमोज गावी एका शिंप्याच्या घरी जन्मला. पोरवयात त्याने चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवण्याची उमेदवारी केली. पुढे मोने वगैरे मित्रांबरोबर तो नावारूपाला आला. पन्नाशीच्या सुमारास त्याचे सांधे धरू लागले. ऊब मिळावी म्हणून तो दक्षिणेकडे सरकत गेला आणि १९०७ मध्ये समुद्राजवळच्या कान्य गावी त्याने ऑलिव्हच्या जुन्या झाडांची एक वाडी घेतली. अखेरची काही वर्षे तो चाकांच्या खुर्चीत होता. ३ डिसेंबर १९१९ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी तो वारला.

त्याच्या काळी ह्या रोगावर गरम पाण्याचे झरे आणि वेदना तात्पुरती दडपणारी औषधे यांपलीकडे फारसे काही नव्हते. आमवाताच्या रोग्याला कॉर्टिझोन प्रथम टोचले गेले ते १९४८ साली, अमेरिकेत. मी आज डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते, म्हणून ही लेखणी चालते आहे. आनंदी मन हे काही औषध नव्हे. तसे असते, तर रेन्वारची बोटे सरळ राहिली असती.

आता त्या बांधलेल्या कुंचल्यांविषयी. साशा गित्री याने १९१५ साली रेन्वारचे थोडे चलच्चित्रण केले होते. एका सुट्टीत नातीने ते मला तिच्या मोबाईलवर दाखवले. म्हातारा खुर्चीत बसला आहे, बोटे तळव्याकडे वळली आहेत, आणि शेजारी धाकटा मुलगा क्लोद उभा आहे. मुलगा कुंचला हातात देतो, आणि तो हात कॅनव्हासवर झपझप चालू लागतो. कुंचला बांधलेला नाही. हाताला कापडाच्या पट्ट्या असत, पण त्या कातडी सोलवटू नये म्हणून. कातडी इतकी नाजूक झाली होती, की कुंचल्याचा लाकडी दांडा तिला सोसत नसे.

फरक लहान वाटेल, पण माझ्या मते तो फार मोठा आहे. कुंचला बांधलेला हात म्हटला, की डोळ्यांपुढे एक वीर उभा राहतो, दैवाशी झुंजणारा. कापडाची घडी घातलेला हात म्हटला, की दिसतो तो एक कारागीर. आपल्या हत्याराची आणि हाताची सोय लावणारा. मोठ्या चित्रासाठी त्याने दोन आडव्या रुळांवर कॅनव्हास गुंडाळण्याची युक्ती केली होती. रूळ फिरवला, की हवा तो भाग त्याच्या हातापुढे येई. हात वर जात नाही ना, मग चित्रच खाली आणा!

त्याचा मुलगा जाँ रेन्वार, ज्याने पुढे बंगालमध्ये येऊन 'द रिव्हर' हा १९५१ चा चित्रपट काढला, त्याने वडिलांच्या आठवणींचे पुस्तक १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातली एक हकीकत मला सगळ्या चित्रांइतकी मोलाची वाटते. एका डॉक्टरने मोठ्या खटपटीने रेन्वारला खुर्चीतून उठवून उभे केले. म्हातारा चार पावले चाललासुद्धा. घरची माणसे हरखून गेली. पण खुर्चीत परत बसल्यावर त्याने सांगून टाकले, की आता पुन्हा नाही. चालायलाच सगळे बळ खर्ची पडते, चित्रासाठी काही उरत नाही. तेव्हा दोन्हींतून एक निवडायचे, तर चित्र.

आमच्याकडे कोणी चालणे सोडले, की लोक म्हणतात, 'खचले हो बिचारे.' इथे खचणे नव्हते, हिशेब होता. गाठीला बळ थोडे, ते कुठे खर्चायचे हे त्याने ठरवले.

हा हिशेब मनात ठेवून मी त्याचे शेवटचे मोठे चित्र पाहिले. मुलगा कामानिमित्त पॅरिसला होता तेव्हा ओर्से संग्रहालयात जाण्याचा योग आला. तिथल्या चाकांच्या खुर्चीत मी आणि खुर्ची ढकलायला नात. चित्राचे नाव 'स्नानसुंदरी' असे म्हणू या. साडेतीन फूट उंच आणि सव्वापाच फूट रुंद. १९१८-१९ मधले हे काम रेन्वारच्या मुलांनी १९२३ साली फ्रान्सच्या सरकारला दिले. बागेत दोन भरदार स्त्रिया ऐसपैस पहुडल्या आहेत, मागे तिघीजणी पाण्यात खेळत आहेत. अंगाचा गुलाबी-नारिंगी रंग गवतात उतरला आहे आणि गवताची हिरवी झाक अंगावर चढली आहे. माणूस कुठे संपते नि बाग कुठे सुरू होते, हे रेषेने सांगितलेलेच नाही.

इतरांनी त्यात काय पाहिले असेल ते असो. माझी नजर प्रथम गेली ती गुडघ्यांवर आणि कोपरांवर. किती सैल, किती निर्धास्त! ह्या बायकांना सांधे आहेत हे त्यांच्या गावीही नाही. निरोगी माणसाला हे दिसणार नाही, कारण त्यालाही ते ठाऊक नसते. जो रात्री कूस वळण्यापूर्वी मनाची तयारी करतो, त्यालाच कळावे, की ह्या नुसत्या पहुडण्यात केवढे ऐश्वर्य आहे. हे ऐश्वर्य रेन्वारने आठवणीने रंगवले, की हेव्याने? मला त्यात हेवा कुठे सापडला नाही.

पण टीकाकाराने ओवाळणी घालू नये. चित्रात दोष आहेत. डोकी धडाच्या मानाने लहान आहेत. अंगे जडशीळ आहेत, चेहऱ्यांत वेगळेपण नाही. मेरी कॅसॅट ही त्याची जुनी चित्रकार मैत्रीण. तिने १९१३ सालीच एका पत्रात त्याच्या अशा लठ्ठ, लाल बायकांची टर उडवली होती. त्या काळातली त्याची कित्येक लहान चित्रे तर मलाही पाक जास्त झालेल्या लाडवासारखी वाटतात. 'हात वाकडे होते म्हणून असे झाले' हे समर्थन मी मान्य करणार नाही. दुखण्यासाठी चित्राला जादा गुण देणे म्हणजे चित्रकाराला भीक घालणे. ज्या हाताने दोष केले, त्याच हाताने रंगांचे हे एकमेकांत मिसळणेही केले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. महायुद्ध नुकतेच संपत होते. थोरले दोन्ही मुलगे त्यात जखमी झाले होते, १९१५ मध्ये बायको गेली होती. त्यातले काहीच चित्रात नाही. हा आनंद म्हणजे डोळेझाक नव्हे काय? पुष्कळ दिवस मला उत्तर सुचत नव्हते. आज असे वाटते, की दुःख ज्याच्या उशाशीच बसलेले असते, त्याने ते भिंतीवरही टांगावे असा आग्रह आपण धरू नये. युद्धाचे चित्र काढणारे दुसरे होते. त्याच्याकडे दिवसाचे थोडे तास होते, ते त्याने ऊन पडलेल्या कातडीसाठी राखून ठेवले. ह्यामुळे चित्राचे जग अरुंद झाले, हे खरेच. पण ते खोटे झालेले नाही.

ह्यात मदतनिसांचाही वाटा आहे, आणि तो विसरला जातो. १९१३ पासून रेन्वारने शिल्पे केली ती रिशार गिनो ह्या तरुण शिल्पकाराच्या हातांनी. कल्पना एकाची, माती दुसऱ्याच्या बोटांत. शिल्पे मात्र रेन्वारच्या नावाने गाजली. अखेर १९७३ साली फ्रान्सच्या न्यायालयाने गिनोला सहकर्ता मानले, तेव्हा कोठे न्याय झाला. आनंदी रोग्याच्या गोष्टी सांगताना त्याला कुंचला देणाऱ्याचे नावही सांगावे.

हे मी दुसऱ्याला शिकवते आहे, पण स्वतः शिकले फार उशिरा. कितीतरी वर्षे करंज्यांना मुरड मीच घालीत असे, दात आवळून. "काय बाई धीराच्या!" असे जावा म्हणत, आणि मला ते गोड लागे. मग भाऊबीजेला भावाला ओवाळताना तबक नीट धरता येत नसे, आणि वेणी घालायला पंधरा दिवस दुसऱ्याचे हात लागत. हिशेब पार चुकलेला होता.

पॅरिसहून आल्यावरच्या दिवाळीत मी पारी लाटण्याचे नि मुरडीचे काम नातीकडे सोपवले. सारण माझे : खोबरे किती भाजायचे, वेलची कधी घालायची, हे सांगायला बोटे लागत नाहीत. वाचलेल्या बळात सकाळची ताठर वेळ सरली, की जाड पेन्सिलीला फडके गुंडाळून रोज अर्धा तास रेखाटन करते. रेषा थरथरते. तिला मी जादा गुण देत नाही.

नातीची पहिली मुरड ओबडधोबड होती. कुठे जाड, कुठे सुटलेली. दोन करंज्या तेलात फुटल्या, सारण कढईभर झाले. आमच्या घरचे हे म्हणाले, "यंदा तुझ्या करंज्या वेगळ्या दिसतात." मी म्हटले, "सारण माझे आहे. मुरड तिची आहे. तसेच सांगा सगळ्यांना."

रेन्वारचे पुस्तक आता खालच्या फळीवर आहे.